भिंगरीचं दुसरं नाव

पद्मजाचं लक्ष अडथळ्यांकडे नव्हतं, ते फाटकाकडे होतं.

गुडगावच्या बाहेर एका फार्महाऊसच्या हिरवळीवर कुत्र्यांच्या शर्यती चालल्या होत्या. उडी मारायच्या आडव्या दांड्या, कापडी बोगदा, चढून पलीकडे उतरायचा फळीचा पूल, नागमोडी पळण्यासाठी ओळीनं रोवलेल्या काठ्या. मालकानं शेजारून धावत नुसत्या आवाजानं आणि हातानं वाट दाखवायची, कुत्र्याला हात लावायचा नाही, असा हा खेळ. पद्मजाची पाळी यायला अजून अवकाश होता. ती उठायची, मैदानाभोवतीच्या दोरीपर्यंत जायची, फाटकाकडे बघायची आणि परत येऊन बसायची. ती उठली की तिच्या पायाशी बसलेली तिची कुत्री भिंगरीही उठायची.

"बस ना जरा," दीनानाथ म्हणाले. "तुझ्यामुळे तीसुद्धा दमेल."

"तो आला नाही अजून."

"नाही आला तर बरंच आहे."

पद्मजा अमोलिक एका मंत्रालयात असिस्टंट होती. तिचे यजमान दीनानाथ ऑडिटमधून नुकतेच निवृत्त झाले होते. दोघं मूळची नगरकडची; पण आयुष्य गेलं दिल्लीत, आधी सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आणि मग द्वारकेच्या सोसायटीत. मूलबाळ झालं नाही. पद्मजाला एका जागी कधी बसवतच नसे. चर्चमध्ये उपासना चालू असतानाही ती एकदा तरी बाहेर जाऊन यायची. जेवताना मीठ आणायला उठायची आणि गॅलरीत जाऊन कपड्यांच्या घड्या घालत बसायची. हिच्या पायाला भिंगरी लागलीय, असं सासूबाई म्हणत, आणि त्या म्हणण्यात कौतुक नसे.

चार वर्षांपूर्वी, दिवाळीच्या फटाक्यांत, द्वारकेला मेट्रोच्या खांबाआड एक कुत्री थरथरत बसलेली तिला दिसली. कान अल्सेशियनचे, बाकी सगळं अंग गल्लीतल्या कुत्र्याचं, पिवळट. मागच्या डाव्या पायावर जुन्या जखमेचा लांब वण. गळ्यात सुतळी होती, म्हणजे कुणाची तरी होती. पद्मजानं आसपासच्या सेक्टरांत फोटो चिकटवले, पहारेकऱ्यांना विचारलं, मार्केटमधल्या दुकानदारांना सांगून ठेवलं. कुणी आलं नाही. तोवर कुत्रीनं घरातल्या सगळ्या खोल्या दिवसातून कितीतरी वेळा फिरून बघायचा परिपाठ सुरू केला होता. दीनानाथ म्हणाले, अच्छा, म्हणजे आता घरात दोन झाल्या. त्यांनीच तिचं नाव भिंगरी ठेवलं.

पार्कात फिरवताना ती बाकावरून उड्या मारायची, कुंपणाच्या बारीक कठड्यावरून चालायची. सोसायटीतल्या कुणीतरी सांगितलं की याच्या स्पर्धा असतात आणि त्याला जातिवंत कुत्रं लागतं असं नाही. मग पन्नाशी उलटलेली पद्मजा रोज पहाटे ट्रॅकसूट घालून पार्कात धावू लागली. बायका हसत. ऑफिसात तिची थट्टा व्हायची. तिला त्याचं काही वाटत नसे. आयुष्यात पहिल्यांदाच तिच्या अस्वस्थपणाला काम मिळालं होतं. पहिल्या दोन स्पर्धांत भिंगरी बोगद्यातून बाहेरच येईना. पुढं मात्र जमत गेलं, आणि जानेवारीत नोएडाला ती दुसरी आली. एका हिंदी पेपरात दोघींचा फोटो छापून आला.

आणि त्यानंतर तो फोन आला.

आवाज म्हाताऱ्या माणसाचा होता. नंबर आयोजकांकडून मिळाला, असं त्यानं आधीच सांगून टाकलं, जणू चोरी केली असावी तसं. मग विचारलं, "मैडम, उसके पिछले बाएँ पैर पर निशान है क्या? लंबा सा?" पद्मजा ऑफिसच्या कॉरिडॉरमध्ये उभी होती. नाही म्हणणं फार सोपं होतं. ती हो म्हणाली. मग तो म्हणाला की सळई लागली होती, तेव्हा ती एवढीशी होती.

त्याचं नाव सतपाल. द्वारकेत इमारतीचं बांधकाम चालू असताना तो तिथं चौकीदार होता. ठेकेदाराच्या अल्सेशियनपासून गल्लीतल्या कुत्रीला झालेली पिल्लं. त्यातलं हे एकच जगलं. यानं दूधपाव घालून वाढवलं. पुढं त्याला टीबी झाला, काही महिने इस्पितळात गेले. परत आला तेव्हा इमारतीत लोक राहायला आले होते आणि कुत्री नव्हती. तो काही मागत नव्हता. तिला एकदा बघता येईल का, एवढंच विचारत होता.

पद्मजानं त्याला स्पर्धेचा दिवस आणि जागा सांगितली. घरी येऊन दीनानाथांना ते सांगितलं, तेव्हा ते कधी नव्हे ते चिडले. कुणा परक्या माणसाला असं कसं बोलावलंस, उद्या तो दोरी धरून घेऊन गेला तर काय करणार, चार वर्षं आपण काढलीत, असं बरंच बोलले. तो आठवडा तिला फार जड गेला. मेट्रोत ती स्टेशन चुकून पुढं गेली. कुकरला शिट्टी लावायची विसरली. भिंगरी झोपलेली असली की तिच्याजवळ जाऊन बसायची आणि लगेच उठायची. आपण काही चोरलेलं नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं, तरी फोन वाजला की ती आधी नंबर बघायची.

आता त्यांच्या नावाचा पुकारा झाला.

पद्मजानं पट्टा सोडला. शिट्टी वाजली आणि भिंगरी सुटली. पहिल्या दांड्या तिनं अशा ओलांडल्या की पायांचा गवतावर आवाजही झाला नाही. बोगद्यात शिरली आणि पद्मजा पलीकडे पोचायच्या आत बाहेर आली. काठ्यांमधून तर ती पाण्यासारखी वाहत गेली. दोरीबाहेरची माणसं बोलायची थांबली. पद्मजाला धाप लागली होती. पण आठवडाभराची तगमग कुठल्या कुठं गेली होती. आता फळीचा पूल, आणि शेवटच्या तीन उड्या.

भिंगरी पुलावर चढली आणि मधोमध थांबली.

ती कधी थांबत नसे. तिनं नाक वर केलं. कान ताठ झाले, अंग थरथरायला लागलं. पद्मजानं तिच्या नजरेच्या रोखानं पाहिलं. चहाच्या टेबलाजवळ, गर्दीच्या मागं, तपकिरी स्वेटर आणि गळ्याभोवती मफलर गुंडाळलेला एक किडकिडीत म्हातारा उभा होता. त्यानं हाक मारली नव्हती. हातसुद्धा हलवला नव्हता. कुत्री आपल्यामुळे थांबली हे त्याच्या ध्यानात आलं, तशी त्यानं घाईनं मान हलवली, पाठ फिरवली आणि तो फाटकाकडे चालू लागला. तिनं शर्यत पुरी करावी म्हणून तो निघून चालला होता.

भिंगरीनं पद्मजाकडे पाहिलं. 'चल' एवढं म्हटलं की ती आली असती. ती शिकलेलीच तशी होती. शब्द पद्मजाच्या ओठांवर आला होता. फळीवर ते चार पाय जागच्या जागी नाचत होते.

"जा," पद्मजा म्हणाली.

भिंगरीनं पुलावरूनच खाली उडी घेतली, दोरी ओलांडली, माणसांच्या पायांतून वाट काढली. बाद झाल्याची शिट्टी वाजली. फाटकापाशी पोचून तिनं म्हाताऱ्याच्या गुडघ्यामागं डोकं लावलं आणि तशीच उभी राहिली. तो वळेना. मग हळूहळू, फाटकाचा खांब धरत, तो खालीच बसला.

पद्मजा तिथं पोचली तेव्हा तो हात जोडून म्हणत होता, माझ्यामुळे हरली, मी यायलाच नको होतं. ती म्हणाली की तसं काही नाही. मग जे आठवडाभर मनात होतं तेच ती बोलून गेली.

"आप ले जाना चाहें तो..."

वाक्य तिच्याच्यानं पुरं झालं नाही.

म्हाताऱ्यानं भिंगरीच्या कानामागं बोटं फिरवली. "कहाँ ले जाऊँ, मैडम," तो म्हणाला. पहाडगंजला एका हॉटेलच्या स्वयंपाकघरावर मुलीची एक खोली आहे, त्यात ती चौघं आणि हा पाचवा. "मुझे तो बस देखना था कि ज़िंदा है।"

मग तो बोलता झाला. बांधकामावरच्या परांचीच्या फळ्यांवरून ही माझ्यामागं वरच्या मजल्यापर्यंत यायची, म्हणाला. मी तिला लाडो म्हणायचो. आता काय म्हणता? पद्मजानं सांगितलं. त्यानं अर्थ विचारला, तोही सांगितला: जी गरगर फिरते ती, जिचा पाय एका जागी ठरत नाही ती. त्यानं दोन-तीनदा तो शब्द तोंडात घोळवून पाहिला. 'भिं' त्याला नीट जमेना. जमल्यावर तो हसला.

जायची वेळ झाली तेव्हा तो उठला, कपडे झटकले. भिंगरीही उठली आणि त्याच्यामागून निघाली. त्यानं बोट वर केलं.

"भिंगरी," तो म्हणाला, "बैठ।"

ती बसली. तो फाटकाबाहेर पडला, उसाच्या रसाच्या गाड्यापुढून वळला. त्यानं मागं पाहिलं नाही.

पद्मजानं पट्टा लावला आणि 'चल' म्हटलं. भिंगरी हलली नाही. तिला बसायला सांगितलं होतं आणि ती फाटकाकडे तोंड करून बसली होती. पद्मजानं पुन्हा हाक मारली नाही. तीही तिथंच, गवतात, तिच्याशेजारी बसली. मागं बक्षिसांची नावं पुकारली जात होती. मग पोरं येऊन दांड्या उपसू लागली, कापडी बोगद्याची गुंडाळी झाली.

दीनानाथ गर्दीतून वाट काढत, सांडू नये म्हणून जपून पावलं टाकत आले. त्यांच्या हातात चहाचे तीन कप होते. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं.

"गेले का ते?"

"हो."

एक कप त्यांनी पद्मजाला दिला. मग वाकून त्यांनी तिसरा कप फाटकाच्या खांबाशी ठेवला आणि तिच्या बाजूला बसले.