आंतोनाच्या हातातलं बाळ

"बाळ खंय ठेवलंस तां पयलां सांग, रॉयडन! मगे तोंड चालय."

सेलेस्तीन आंटीने मला कपेलच्या, म्हणजे वाड्यातल्या छोट्या चर्चच्या, दारातच अडवलं. एका हातात चाव्या, दुसऱ्या हातात झेंडूची माळ. कपेलची चावी तिच्याकडे असते म्हणून वाड्यातली सगळी माणसं तिला घाबरतात. मी सोडून.

आत वेदीवर सां आंतोन, आमचा लाकडी संत, उभा होता, रोजच्यासारखा. फक्त त्याचा डावा हात रिकामा वाटत होता. त्या हातावर लाकडी पुस्तक आणि पुस्तकावर बाळ जेजू, म्हणजे लहानगा येशू, बसलेलं असतं. आज नुसतं पुस्तक.

"माका काय ठावक? मिया बाळ सांभाळूक बसलंय?"

"धा वाजता फुलां घालूक इलंय तेव्हा होतां. मगे बारापर्यंत दार उघडा होतां. आता दोन वाजले. पाच वाजता फेस्ताचा प्रोसेशन, फादर येतलो. तेका काय दाखवू, आंतोनाचो रिकामो हात?"

"रिकामो खंय? पुस्तक आसा मा."

"बघ कसो बोलता! शाळा सोडलंस तशी लाज पण सोडलंस. ह्या वाड्यात तुझ्याशिवाय रिकामो कोण फिरता? खिसे दाखव!"

डोकं सटकलं. दोन्ही खिसे उलटे करून दाखवले. फोन, इअरफोन, एक गंजका गळ. "बघलंस? आता तोंडात पण बघ, बाळ थंय बसलाहा काय!"

तिच्या मागे बाकावर माझा मोठा भाऊ एल्टन बसला होता, मांडीवर बॅग घेऊन. मला शिव्या घालायची संधी तो कधी सोडत नाही. आज गप्प.

त्याला कारण होतं. पाच दिवस त्याचं शिपबुक सापडत नव्हतं. ते पुस्तक नसेल तर जहाजावर पाय ठेवता येत नाही. उद्या दहाला मुंबईच्या ऑफिसात ते दाखवायचं, म्हणजे आज सातच्या गाडीने मालवणहून निघायलाच हवं. नाहीतर त्याची जागा दुसऱ्याला. मम्मीने तांदळाचा डबा पालथा केला, गाद्या उसवल्या, कोंबड्यांचं खुराडंसुद्धा बघितलं.

आंटी माझी तक्रार करायला मम्मीला शोधत बाहेर गेली तसा मी वेदीजवळ गेलो. लोक बघतात ते मी बघत नाही, माझं दुसरीकडेच लक्ष जातं. बाळ एका स्क्रूने बसवलेलं असतं. चोराने ते उपटलं असतं, लाकडाचा टवका उडाला असता. इथे टवका नव्हता. आणि सां आंतोनाच्या पायाशी कागदाची एक छोटी पुडी होती. उघडली. आत स्क्रू.

आमच्या घरात इंजिन खोलल्यावर स्क्रू हरवू नयेत म्हणून पुडीत बांधून ठेवणारा माणूस एकच.

मी बाकाकडे बघितलं. एल्टनने बॅग आणखी घट्ट धरली.

आमच्यात काही हरवलं की सां आंतोनाकडे मागतात. मागून मिळालं नाही की जुनी माणसं त्याचं बाळ काढून लपवायची. माझी वस्तू दे, मग तुझं बाळ ने. सरळ धमकी. आजोबांनी एकदा होडीच्या नांगरासाठी बाळ चार दिवस मडक्यात ठेवलं होतं, आणि नांगर मिळाला असं अजून सांगतात.

हरवलेलं त्याच्याकडेच का मागायचं, ते आंटी दर फेस्ताला, त्याच्या सणाला, सांगते. त्याचं स्तोत्रांचं पुस्तक मठातल्या एका पोराने चोरलं आणि तो पळाला. आंतोनाने प्रार्थना केली, पोर पुस्तक घेऊन परत आला. तेव्हापासून. आंटी "पुस्तक गावला!" म्हणून टाळी वाजवते. त्या पोराला परत येताना काय वाटलं ते कोणी सांगत नाही.

मी सांगू शकतो. शिपबुक मीच घेतलं होतं.

पाच दिवसांपूर्वी एल्टन सगळ्यांसमोर म्हणाला, "दहावी नापास झालेल्याक बोटीवर भांडी घासूक पण कोण घेवचो नाय." म्हणून. दोन दिवसांनी परत ठेवणार होतो. पण मम्मी रडायला लागली, आणि मग ठेवायचं कसं तेच कळेना.

आंटी परत आली. मम्मी नव्हती, पण हिचा आवाज चढला होता. "आता सगळ्यांचे बॅगो उघडतंय! एल्टन, तुझी पण. मगे कोण बोलूक नको सेलेस्तीनान भेदभाव केल्यान."

तिचा हात चेनवर गेला. एल्टनचा चेहरा राखेसारखा झाला.

"मिया घेतलंय!" मी ओरडलो. "बाळ माझ्याकडे आसा. पाचच्या आदी थंयच बसलेला गावतला. सोड तेची बॅग."

आंटीने माळ माझ्या तोंडावर मारली. "मेल्या! आणि माका खिसे दाखवतंस!" आणि फादरना फोन लावत बाहेर गेली.

एल्टन उठला. "खोटा कित्याक बोललंस?"

"बाळ माझ्याकडे नाय. पुस्तक आसा."

मग त्याने माझी कॉलर धरली. मारेल असं वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"खंय?"

"कट्ट्याच्या बाजारात. मितेशच्या मोबाईलच्या दुकानात. पेपरात गुंडाळून दिलंय, तेका पण ठावक नाय काय आसा."

"तर जा."

"आदी बाळ बसय. आंटी—"

"नाय." त्याने बॅग छातीशी धरली. डोळे लाल. "पयलां पुस्तक. तुझ्यार माझो इस्वास नाय, रॉयडन. आंतोनार पण नाय आता. पुस्तक हातात पडला काय बाळ हातात."

"आणि पाच वाजले तर?"

"तर प्रोसेशन रिकाम्या हातान जातला. आणि चोर तू."

मी धावत स्टॉपवर आलो. तीनची एसटी तीन वीस झाले तरी नाही. मितेश फोन उचलत नाही. तो साडेतीनला दुकान बंद करून जेवायला जातो, हे मला आत्ता आठवलं. बसल्या बसल्या हे फोनवर लिहितोय. स्क्रूची पुडी माझ्याच खिशात राहिलीय.

वळणावर हॉर्न. कट्ट्याचीच एसटी. निघतो, मला जायला हवं