स्टीफनभाऊंची शपथ

नवापूरच्या त्या शाळेत रोबोट बनवणारी टीम आहे, हे खुद्द नवापुरातही फारसं कुणाला माहीत नव्हतं. विज्ञान शिकवणारी निर्मला, नववीतली लिडिया, तिच्याच वर्गातला जाकीर आणि आणखी दोन-तीन पोरं, एवढाच सगळा पसारा. शाळा सुटली की टिंकरिंग लॅबचं, म्हणजे यंत्रं जोडून बघायच्या खोलीचं, कुलूप निघायचं आणि ही मंडळी एका यंत्राशी झटत बसायची. मिरच्यांच्या ढिगातून लाल तेवढ्या उचलून बाजूला टाकणारं ते यंत्र होतं. सुरुवातीला ते मुलींच्या लाल रिबिनीही ओढायला जायचं. लिडियाने डोकं लावून लावून त्याला मिरची ओळखायला शिकवलं, आणि टीमची पुण्याच्या स्पर्धेसाठी निवड झाली.

पुण्याला जायचं तर कुणीतरी खर्च उचलायला हवा होता. शाळेने हात वर केले. निर्मला पोरांना घेऊन दुकानोदुकान हिंडली. कुणी चहा पाजला, कुणी दिवाळीनंतर या म्हणालं, एकाने यंत्राबरोबर फोटो काढून घेतला आणि त्यानंतर तिचा फोन उचलणंच बंद केलं. शेवटी नंदुरबारला ट्रॅक्टरचं शोरूम चालवणाऱ्या भटू अण्णांचं नाव कळलं.

"बठा ना मॅडम, उभ्या काबर?" अण्णांनी खुर्च्या मागवल्या. टेबलावर मिरच्या पसरल्या गेल्या, यंत्राने एक लाल मिरची अलगद उचलली, तेव्हा ते लहान पोरासारखे हसले. पण लगेच पुढे म्हणाले, "भारी शे. पण मॅडम, हुशार पोरे तं सगळ्याच शाळास्मा शेतस. मी कोणले कोणले देऊ?"

हे वाक्य निर्मलाला आता पाठ झालं होतं. यानंतर फोन हातात घेतला जातो आणि आपण उठायचं असतं. अण्णांचा हात फोनकडे गेलाही. तिने घाईघाईने पोरांना ट्रॅक्टर बघायला बाहेर पाठवलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, "अण्णा, त्या मुलीचं घर बघितलंत तर..."

पुढे काय बोलायचं हे तिचं तिलाही ठाऊक नव्हतं. पण जीभ चालत राहिली. "बाप दारुडा आहे. रोज पिऊन येतो, मारझोड करतो. परवा हाताला पट्टी बांधून आली होती बिचारी. तरी एक दिवस लॅब चुकवत नाही."

अण्णांनी फोन खाली ठेवला. बराच वेळ ते काचेपलीकडे लिडियाकडे बघत राहिले. "मन्हा मोठा भाऊ बी दारूमाच गया," एवढंच म्हणाले, आणि सगळा खर्च आपण करू असं सांगून मोकळे झाले.

पट्टी खरी होती, पण ती सोल्डरिंग करताना हात भाजला म्हणून. लिडियाचा बाप स्टीफन पोल्ट्रीत कामाला होता. निर्मला त्याला चांगली ओळखत होती. या माणसाच्या तोंडाला दारूचा वास कधी कुणाला आला नव्हता. परतीच्या एसटीत पोरं गाणी म्हणत होती आणि निर्मला खिडकीकडे तोंड करून स्वतःची समजूत घालत होती. एका बंद खोलीत एका माणसाला सांगितलेली गोष्ट, कुणाला कळणार आहे? आणि पोरं तर जातील पुण्याला.

अण्णांनी मात्र चेक स्नेहसंमेलनात, पालकांसमोर द्यायचं ठरवलं. नको म्हणायला निर्मलाला कारण सुचलं नाही.

मंडप भरला होता. सूत्रसंचालन निर्मलाकडेच होतं. स्टीफन इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून बायको रमिलाबाईच्या शेजारी दुसऱ्या रांगेत बसला होता. यंत्र हातात धरून स्टेजवर उभ्या असलेल्या लेकीवरून त्याची नजर हलत नव्हती. अण्णा माईकसमोर आले. शोरूममध्ये अहिराणी बोलणारा माणूस स्टेजवर चांगली ठसठशीत मराठी बोलू लागला.

"मंडळी, ही पोर कोणत्या घरातून आली माहीत आहे का? तिचा बाप रोज दारू पिऊन पडतो. पोरीवर हात उचलतो. तरी ही पोर शिकते!"

मंडपातली एकेक मान दुसऱ्या रांगेकडे वळली. स्टीफन अर्धवट उठला, तसाच थबकला आणि पुन्हा बसला. लिडियाने हातातलं यंत्र छातीशी धरलं. तिने आधी अण्णांकडे पाहिलं आणि मग सरळ निर्मलाकडे. तिला कुणी काही सांगायची गरज उरली नव्हती.

अण्णांच्या मनात खोट नव्हती, तीच तर पंचाईत होती. त्यांनी स्टीफनला हात धरून स्टेजवर आणलं, त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "दादा, मी माझा भाऊ गमावला. तुम्ही पोरीसाठी सोडा. आज सगळ्यांसमोर शपथ घ्या. मॅडम, माईक द्या त्यांना."

सूत्रसंचालनाचा माईक निर्मलाच्या हातात होता. एवढंच म्हणायचं होतं, की थांबा, हे खोटं आहे, मी बोलले. समोर मुख्याध्यापक, संस्थेचे लोक, पालक, आणि टेबलावर तो चेक. तिने हात पुढे केला आणि माईक स्टीफनला दिला.

स्टीफनने तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर तिला बरं वाटलं असतं. "मी दारू पिणार नाही," तो म्हणाला. टाळ्यांचा कडकडाट झाला.

दुसऱ्या दिवसापासून लिडिया लॅबमध्ये आली नाही. दोन-चार दिवस निर्मलाने वाट पाहिली आणि मग ती नवापूरजवळच्या तिच्या गावी गेली. स्टीफनने अंगणात खाट टाकली, पाणी दिलं. रमिलाबाई दारात आली, निर्मलाकडे बघून आत गेली. लिडिया आतच होती, बाहेर आली नाही.

"भाऊ, माझं चुकलं," निर्मला म्हणाली.

"मॅडम, माझा बाप प्यायचा." स्टीफन घरची बोली बाजूला ठेवून जपून, शाळेतली मराठी बोलत होता. "आम्ही पोरं शेतात जाऊन झोपायचो. म्हणून मी कधी हात लावला नाही. गावात माझं तेवढंच एक नाव होतं."

"मग तुम्ही तिथंच का नाही बोललात?"

"बोललो असतो, तर चेक परत गेला असता. बाकीच्या पोरांनी काय केलंय?"

निर्मलाला खाटेवर बसवेना. मी सगळ्यांना खरं सांगते, असं म्हणून ती उठली. ती आधी भटू अण्णांकडे गेली. ऐकता ऐकता अण्णांचा चेहरा उतरला. "मॅडम, मी त्या भल्या माणूसले शपथ घेवाले लाई," ते म्हणाले. "आते मी त्याले तोंड कसं दाखाडू?" चेक पोरांकडेच राहू द्या, पण तुम्ही पुन्हा माझ्या दारात येऊ नका, असं त्यांनी सांगितलं आणि आतल्या खोलीत निघून गेले.

रविवारी ती स्टीफनच्या गावच्या चर्चला गेली. प्रार्थना संपल्यावर पास्टरांची परवानगी घेऊन उभी राहिली आणि सगळं सांगितलं. सांगताना रडली. बायका हळहळल्या. कुणीतरी तिला पाणी दिलं, एका म्हातारीने पाठीवरून हात फिरवला. कितीतरी दिवसांनी तिला हलकं वाटलं.

बाहेर झाडाखाली स्टीफन एकटाच उभा होता.

"मॅडम, यातल्या निम्म्या लोकांना काही माहीत नव्हतं," तो म्हणाला. "ते शाळेत आले नव्हते. आज त्यांनाही कळलं. तुम्ही मला विचारलं का, मला हे पाहिजे का म्हणून?"

तो प्रथमच आवाज चढवून बोलला होता. शोरूममध्ये निर्मलाने या माणसाचं नाव न विचारता वापरलं होतं, आणि आज माफी मागतानाही तेच केलं होतं. मिळालेलं ते पाणी, पाठीवरचा तो हात, सगळं तिला चोरल्यासारखं वाटलं. ती घरी कशी पोचली तिलाच आठवत नव्हतं.

त्या आठवड्यात लिडिया शाळेत तिच्यासमोर येऊन उभी राहिली. "मी पुण्याला जाते. पप्पा म्हणतात, जा. पण तुम्ही येऊ नका."

निर्मलाने मान हलवली. मुख्याध्यापकांना तब्येतीचं कारण सांगायचं तिच्या ओठांवर आलं होतं, पण तिने जे होतं तेच सांगितलं. टीमबरोबर गणिताचे सर गेले, जाकीरची आई गुलशन गेली आणि स्टीफनही गेला. पोरांना नंबर मिळाला नाही. शेवटच्या फेरीत यंत्राने मिरची सोडून परीक्षकांच्या लाल पेनावर झडप घातली, हे निर्मलाला जाकीरकडून कळलं. सांगताना तो पोट धरून हसत होता. तिलाही हसू आलं, पण लिडिया तिथेच होती, म्हणून तिने ते गिळलं.

नवं शालेय वर्ष सुरू झालं. टीम पुन्हा उभी राहिली, पुन्हा खर्च कुणी उचलायचा हा प्रश्न आला. मुख्याध्यापक म्हणाले, मॅडम, तुम्हीच जा, दुसरं कोण आहे? लिडियाने तोंड उघडलं. "मॅडम येऊ देत. पण बोलणार मी. त्यांनी बाहेर बसायचं."

बाजारपेठेतल्या एका पाइपच्या दुकानाबाहेर निर्मला बाकावर बसून राहिली. आत लिडियाचा आवाज येत होता. शब्द कळत नव्हते. मालक काहीतरी विचारत होता, ती उत्तर देत होती, मग पुन्हा तो. निर्मला पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मुलगी माझ्याबद्दल आत काय सांगत असेल, हा विचार तिच्या मनात आला, आणि मग लोक आपल्याबद्दल काय बोलत असतील याच विचारात स्टीफनने किती दिवस काढले असतील, हेही आलं.

लिडिया बाहेर आली. मागोमाग यंत्राची पेटी उचलून जाकीर.

"नाही म्हणाले," लिडिया म्हणाली. तिने निर्मलाकडे पाहिलं नाही, पण ती थांबली होती. "पुढचं कुठलं?"

निर्मलाने हात करून रस्त्यापलीकडचं खताचं दुकान दाखवलं.