कागदावरचं मीठ

आमच्या घरात दोन वर्षं मीठ नव्हतं. आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी "अय्या, म्हणजे काय?" करायला नको. आमच्या ह्यांचं हृदय दमलं होतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, मीठ पोटात गेलं की अंगात पाणी साठणार आणि पाणी साठलं की श्वास कोंडणार. एक घाव दोन तुकडे. मी त्याच दिवशी बरणी रिकामी केली. नुसतं ह्यांच्या ताटातून काढून भागणार नव्हतं, कारण हा माणूस माझ्या ताटातलं पळवणार हे मला लग्न झाल्यापासून ठाऊक. मग मीही अळणीच जेवायला लागले.

ह्यांनी आयुष्यभर बस चालवली. रस्त्यात शिव्या घालायची सवय, ती आता माझ्या स्वयंपाकावर निघायची. पहिला घास घेतला की वाक्य ठरलेलं, "नावडतीचं मीठ अळणी म्हणतात. पण तू तर आवडती ना गं? मग हे काय?" सुरुवातीला मी हसायचे. मग चिडायला लागले. मग ऐकूच येईनासं झालं.

रंगांची पेटी माझ्या धाकट्या बहिणीनं आणली. "ताई, त्या खोलीत बसून बसून वेडी होशील," म्हणाली. मी म्हटलं, वेडं व्हायला सवड कुठाय मला? तरी शनिवारी सकाळी ती ह्यांच्यापाशी बसायची आणि मला जलरंगाच्या वर्गाला हाकलायची. तिथल्या बाई वयानं लहान, पण जिभेच्या तिखट, म्हणून आमचं जमलं. त्या म्हणाल्या, फुलंबिलं राहू द्या, रोज दिसतं ते काढा. रोज दिसायची ती समोरच्या इमारतीची मागची भिंत. ह्यांच्या पलंगावरून तेवढीच दिसायची. पाइप गळून गळून काळी पडलेली, कुठे शेवाळ, कुठे गिलावा सुटून विटा उघड्या, आणि ओलीनं आलेले पांढरट ठिपके.

आता भिंत काढायची तर नुसता रंग फासून चालत नाही, ती खरखरीत दिसायला हवी. मी एकेक करून बघायला लागले. ब्रश जवळजवळ कोरडा करून कागदावरून घासत नेला, तर विटा बऱ्या जमल्या. मेणबत्ती घासली की मेणावर रंग धरत नाही. पाइपावरची चकाकी तशी साधली. ओल्या रंगावर प्लास्टिकची पिशवी चुरगळून दाबली, तेव्हा भिंतीचा डोंगर झाला. जुन्या टूथब्रशनं शिंतोडे उडवले, ते निम्मे ह्यांच्या चादरीवर.

"ही भिंत आहे का खरूज?" पलंगावरून हे.

"तुम्ही झोपा."

"झोपूनच आहे. म्हणून तर बघावं लागतंय."

ते पांढरट ठिपके मात्र काही केल्या येईनात. शेवटी बाई म्हणाल्या, "जाडं मीठ टाका. रंग ओला असतानाच टाकायचं. प्रत्येक खडा भोवतीचा रंग ओढून घेतो. वाळल्यावर झटकलं की खाली फिकट ठिपका राहतो." मी म्हटलं, "बाई, दुसरं काहीही सांगा." मग कारण सांगावं लागलं आणि सगळा वर्ग गप्प झाला. असली शांतता मला सोसत नाही. म्हणून बाईंनी बांधून दिलेली पुडी मी मुकाट्यानं घेतली आणि घरी येऊन पेटीच्या तळाशी दडवली.

दडवून काय उपयोग? टाकायचं तर ह्यांच्यासमोरच. पहिले खडे कागदावर पडले आणि पलंग करकरला.

"अगं ए! काय आहे ते?"

"वाळू."

"बस चालवत होतो, मूर्ख नव्हतो. मीठ आहे ते! मला चिमूटभर नाही आणि कागदाला मूठभर? नशीब काढलं कागदानं!"

"कागदाला हृदय नसतं," मी म्हटलं आणि लगेच जीभ चावली. पण हे खो खो हसले. इतके हसले की धाप लागली आणि मला आधार देऊन बसवावं लागलं.

मीठ काही साधेना. रंग फार ओला असला की खडे विरघळून जायचे. वाळत आला असला की नुसते ढिम्म बसून राहायचे. मधली वेळ फार थोडी, कागदावरची चमक जायच्या जरा आधीची. मला वरून ती चमक दिसायचीच नाही. ह्यांना दिसायची. उशीवर डोकं टेकलेल्या माणसाला टेबलावरचा कागद कडेनं दिसतो आणि खिडकीचा उजेड त्यावर तिरका पडलेला असतो. एकदा मी खडे घेऊन उभी, तर हे ओरडले, "थांब! अजून चमकतंय... अजून आहे... हां, टाक!" टाकलं. आणि आले हो ठिपके! समोरच्या भिंतीवर होते तस्से. मग ते आमचं दोघांचं कामच होऊन बसलं. मी रंग द्यायचा, ह्यांनी इशारा द्यायचा, मी मीठ टाकायचं. कितीतरी महिन्यांनी ह्यांच्या आवाजात जुना जोर ऐकू आला. त्या दिवसांत मी सुखात होते, खोटं कशाला बोलू?

मग एका दुपारी मी दोरीवरचे कपडे काढून आत आले, तर ह्यांनी घाईघाईनं तोंड मिटलं.

"आ करा."

ह्यांनी मान हलवली.

"आ करा म्हणते ना!"

जीभ निळी. टेबलावर वाळत ठेवलेली भिंत, आजवरची सगळ्यात चांगली जमलेली, एका कोपऱ्यात ओली होऊन फिसकटलेली. काठीनं टेबल जवळ ओढून हा माणूस कागदावरचं मीठ चाटत होता, रंगात भिजलेला एकेक खडा.

मला हसू फुटलं आणि त्याच दमात संतापही आला. "रंग खाल्लात? काय काय असतं त्यात, कळतं का? लहान मूल आहात का? मी इथे डोळ्यात तेल घालून बसलेय आणि तुम्ही..." तोंडाचा पट्टा सुटला तो सुटलाच. हे एवढंच म्हणाले, "फार छान लागत होतं गं." मी चूळ भरायला पाणी दिलं. पुडी कचऱ्यात टाकली आणि पेटी माळ्यावर.

त्यानंतर पाय सुजायला लागले. हळूहळू सूज पोटरीपर्यंत चढली. दवाखान्यात ह्यांना चाकांच्या खुर्चीत बाहेर बसवून डॉक्टरांनी मला एकटीला आत बोलावलं. मी आधी तेच विचारलं, त्या मिठानं का हो झालं? ते म्हणाले, "नाही, चार खड्यांनी काही होत नाही. हृदयच थकत चाललंय. औषधाला दाद देत नाही." मग टेबलावरचं पेन सरळ करत म्हणाले, "आता पथ्याचं फार मनावर घेऊ नका. जे आवडतं ते खाऊ द्या त्यांना."

"मीठ?"

"मीठसुद्धा."

त्यांना एक ठेवून द्यावीशी वाटली मला. मीठ नको, मीठ नको म्हणून बजावत होते तोवर आशा होती, हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं.

बाहेर आले तर हे वाटच बघत होते. "काय म्हणाला?"

"गोळी बदलली."

"एक गोळी बदलायला एवढा वेळ?"

"अक्षर गिचमिड आहे त्यांचं. वाचून घ्यायला वेळ लागला."

घरी पोचून ह्यांना झोपवलं आणि खाली दुकानात गेले. मिठाची लहान पिशवी मागितली. दुकानदार म्हणाला, "काकू, किलोचीच येते. घ्या की, मीठ काय खराब होतंय?" पिशवी हातात घेऊन मी तशीच उभी राहिले. ह्यांच्यासाठी एवढं लागणार नव्हतं. मागे कुणीतरी "आटपा हो" म्हणालं, तेव्हा भानावर आले.

स्वयंपाकघरात बटाटे उकडून कुस्करले आणि चिमूट हातात धरून अडले. मीठ घातलं तर ह्यांना कळणार. जी बाई दोन वर्षं मिठाचा वाससुद्धा लागू देत नव्हती, तिनं आज आपणहून घातलं म्हणजे डॉक्टर काय म्हणाले, हे वेगळं सांगायला नको. आणि नाही घातलं, तर माझा माणूस बेचव तोंडानं जाणार, ती चव माझ्या हातात असताना. दोन्हीकडून मरण. मनाशी म्हटलं, अगदी थोडं घालू, जीभ दुबळी झालीय, लक्षात येणार नाही. घातलं. चाखून बघितलं आणि स्वतःचेच डोळे भरून आले, इतकं चवदार लागलं. मग आणखी एक चिमूट घातली.

ह्यांनी पहिला घास घेतला आणि तोंड हलायचं थांबलं. घास तसाच गालात. ताटाकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं. माझ्याकडे मात्र बघितलं नाही. मी पदराशी चाळा करत उभी होते. मग हे सावकाश चावायला लागले.

"कसं झालंय?" मला राहवेना.

"कसं होणार?" हे म्हणाले. "अळणी. तुझ्या हातचं आणि काय!"

रंगात भिजलेला खडा ज्या जिभेनं हुडकून काढला, तिला हे कळलं नसेल? सगळं कळलं होतं. मला खोटं बोलावं लागू नये म्हणून हा माणूस स्वतः खोटं बोलत होता. आणि ताट बोटानं पुसून पुसून चाटत होता. मी बघते आहे याचंही त्याला भान नव्हतं.

"उद्या पण अस्संच कर," ताट परत देताना हे म्हणाले.

"अस्संच अळणी?"

"हां. अस्संच."

मी ताट घेऊन आत गेले आणि आवाज बाहेर जाऊ नये म्हणून नळ मोठा सोडला. बाहेर हे खोकायला लागले. खरा खोकला नव्हता तो, खरा मला ओळखू येतो. उगीचच खोकत होते, मोठमोठ्यानं, माझं रडून होईपर्यंत.