गुलाबची दहावी

बेस गिटारचं डोकं लाकडी कपाटाला टेकवून गुलाबनं तारा छेडल्या. ॲम्प्लिफायर सौंसर गावी होता, ऑर्केस्ट्रावाल्या मनोहरकडे. पांढुर्ण्याच्या दोन खोल्यांत घुमायचं काम कपाटाकडे आलं होतं. ते बिचारं इमानेइतबारे घुमत होतं.

“सातवी आली. पण नुसत्या सातवीत दम नाई,” तो पुटपुटला. “दहावीच पायजे.”

दिवसा तिगाव स्टेशनावर तिकिटं द्यायची आणि लग्नसराईत गाण्यामागे धमधम वाजवायचं, असं त्याचं मजेत चाललं होतं. पण मनोहरनं नागपुराहून जॅझचं वेड आणलं आणि ह्या भल्या माणसाला कामाला लावलं. मूळ सुरापासून पायऱ्या मोजायच्या. सातवी आणि दहावी पायरी मूळ सुराबरोबर एकदम वाजवायची. तीन सूर जुळले की अंगावर काटा यायचा म्हणे. गुलाबची आखूड करंगळी दहावीपर्यंत पोचतच नव्हती. महिनाभर तो त्या करंगळीला शिव्या घालत होता.

आज पाणी प्यायला तो आत गेला, तर बायकोनं, शोभानं, घाईघाईनं काहीतरी पदराखाली घेतलं.

“काय लपवून राह्यली?”

“काई नाई.”

पदराखालून पुस्तकाचा कोपरा दिसत होता. गणित, इयत्ता दहावी. शेजारच्या विजया मॅडमच्या मुलीचं.

“यंदा प्रायव्हेट बसीन म्हटलं,” ती भिंतीकडे बघत म्हणाली.

“काहून पण?”

“तुमीच रोज म्हणून राह्यले ना? सातवीत दम नाई, दहावीच पायजे.” तिचा आवाज कापला. “सातवी पास हाव मी. लग्नाच्या वेळी सांगतलं होतं. आता लाज वाटत असन माई, त मले सांगाचं. कपाटाले काय सांगता?”

गुलाबला हसू फुटलं. मग तिचे डोळे दिसले आणि ते हसू मावळलं. ही बाई महिनाभर पोळ्या लाटता लाटता हे ऐकत होती, ह्या विचारानं त्याचं काळीज हललं.

त्यानं तिचा हात धरून तिला बाहेर आणलं. गिटार मांडीवर घेतली, गिटारचं डोकं कपाटाला टेकवलं, दोन तारा आपल्या बोटांनी दाबल्या आणि पार खालच्या बारीक तारेवर तिचं बोट ठेवलं.

“दाब. अजून.”

त्यानं तिन्ही तारा एकदम छेडल्या. कपाट भरून आवाज आला, गोड आणि थोडा उदास. दोघंही तो विरेपर्यंत हलले नाहीत.

“हे दहावी,” तो म्हणाला. “माया बोटाले नाई पोचत. तुले नाई म्हटलं वं मी कधी.”

शोभा आधी बघतच राहिली. मग तोंडाला पदर लावून इतकी हसली की तिला ठसका लागला. तिच्या पाठीवरून हात फिरवताना गुलाबचा जीव भांड्यात पडला.

“चाल, मिटलं. देऊन टाक ते पुस्तक वापस.”

शोभा हसायची थांबली. आत जाऊन तिनं पुस्तक आणलं आणि दिव्याखाली मांडी घालून बसली.

“तुमाले नको असन,” ती पान शोधत म्हणाली. “मले पायजे.”

गुलाब आत गेला आणि त्यानं परातीत पीठ काढलं. पाणी किती घालायचं, हे विचारायचा मात्र त्याला धीर झाला नाही.