महाराजांनी निवडलेली पिल्लं

“जगली! महाराजांची सगळी जगली!” प्रयोगशाळेचा शिपाई ओरडला आणि प्राणिगृहाच्या काचेला माणसांची नाकं चिकटली. हिशेबखात्यातले आले, कॅन्टीनवाला आला, आजवर या मजल्याकडे न फिरकलेलेही आले.

काचेपलीकडे उंदरांची नवजात पिल्लं होती. बोटाच्या पेराएवढी, बिनकेसांची, सगळ्यांना तीन दिवसांपूर्वी मेंदूज्वराचे जंतू टोचलेले. एका पिंजऱ्यातल्या पिल्लांवर फुंकरमहाराजांनी परवा फुंकर घातली होती. ती मजेत वळवळत होती. शेजारच्यांना ना औषध ना फुंकर. त्यातली बहुतेक थंड पडली होती. नव्या अँटिबायोटिकच्या पिंजऱ्यातलीही पुष्कळ वाचली होती, पण तिकडे बघायला कोण रिकामं होतं!

संचालकसाहेबांचे हात आपोआप जोडले गेले. महाराजांनी डोळे मिटले.

“आम्ही कोण करणारे? विश्वाच्या उच्छ्वासातला एक कण आम्ही ओठांवर धरतो, आणि जंतू लाजून निघून जातात.”

“लाजून?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं. हा सगळा प्रयोग त्यांचा होता.

“जंतूंना लाज असते, बाई. शंकेखोरांना नसते.”

गर्दी खो खो हसली. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. कुठलं पिल्लू कुठल्या पिंजऱ्यात, हे या प्रयोगशाळेत नेहमी चिठ्ठ्या टाकून ठरे. परवा साहेब म्हणाले होते, “महाराजांना कसल्या चिठ्ठ्या? ज्यांच्यात प्राण दिसेल ती ते स्वतः निवडतील.” आणि महाराजांनी एकेक पिल्लू तळहातावर घेऊन, उलटंपालटं करून निवडलं होतं, बाजारात वांगी निवडावीत तसं.

तेवढ्यात फोन वाजला. धाकटा भाऊ.

“ताई, चिडू नकोस हं. छोटीला ताप आहे. आम्ही महाराजांच्या मठात आलोय.”

“तान्ह्या पोरीला घेऊन मठात? अक्कल कुठे ठेवलीस?”

“ऐक ना. इथला शिष्य आधी बाळाला पाजायला सांगतो. जी पितात त्यांना आत घेतात. छोटी तोंडच लावत नाही गं. तर म्हणाला, हिची वेळ आली नाही, उद्या आणा.”

डॉक्टरीणबाई काचेकडे वळल्या. नवजात पिल्लाची कातडी इतकी पातळ, की पोटातलं दूध बाहेरून पांढऱ्या ठिपक्यासारखं दिसतं. महाराजांच्या प्रत्येक पिल्लाच्या पोटावर ठिपका होता. फुंकर घालायची डोक्यावर, मग परवा पोटं कशाला बघत होता हा माणूस?

“ऊठ तिथून. आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलला ने.”

“महाराज रागावले तर? उद्याच तर बोलावलंय—”

“अरे वेड्या, तान्हं मूल आजारी पडलं की आधी दूध सोडतं. शिष्य तेच बघतो! पिणारं मूल बहुधा तगणारच असतं, ते आत. न पिणारं बाहेर. मग आत कोणी दगावणार कसं? तुझ्या मुलीला त्यांनी मरणाऱ्यांत धरलंय, कळतंय का?”

पलीकडे भाऊ बायकोला म्हणाला, “चल. चल लवकर.”

डॉक्टरीणबाईंनी हॉस्पिटलला कळवून ठेवलं, आणि भाऊ पोचेपर्यंतचा वेळ वाया घालवला नाही. काल जंतू टोचलेली दुसरी पिल्लं आणली, प्रत्येकाला मानेपर्यंत कापसात गुंडाळलं आणि महाराजांपुढे मांडली.

“डोकी उघडी आहेत. निवडा.”

“वस्त्राआड प्राण गुदमरतो.”

“मग मी चिठ्ठ्या टाकते. अर्ध्यांवर घाला फुंकर.”

महाराजांनी हवेत बोटं फिरवली. “आज वायू प्रतिकूल आहे.”

“एसी बंद करू का, महाराज?” शिपायाने अगदी भाबडेपणाने विचारलं. गर्दी पुन्हा हसली. या वेळी तोंडं महाराजांकडे होती.

डॉक्टरीणबाईंनी ठिपका दाखवला, निवड समजावली. “दोन दिवसांपूर्वीच जी तगणार होती ती यांनी उचलली. मरणारी आमच्या पदरात टाकली. यांच्या हिशेबात नुसती जमा. खर्च सगळा दुसऱ्यांच्या नावावर.”

“मॅडम, लोकांच्या भावना...” साहेब पुटपुटले.

“साहेब, आपण या पिल्लांचे जीव घेतो. कशासाठी? तर कोणाचं बाळ नेमकं कशाने वाचतं ते खरंखरं कळावं म्हणून. इथे लबाडी चालू दिली तर आपण नुसते मारेकरी. मला काढायचं तर काढा, चिठ्ठ्या टाकल्याशिवाय इथे यापुढे एक पिल्लू हलणार नाही!”

आणि पर्स उचलून त्या हॉस्पिटलला गेल्या.

छोटीच्या पाठीच्या कण्यातून काढलेलं पाणी गढूळ निघालं. मेंदूज्वरच. अँटिबायोटिक लगेच सुरू झालं, बरेच दिवस चाललं. छोटी वाचली. एका कानाने कमी ऐकेल म्हणतात. “एक दिवस उशिरा आणलं असतं, तर ऐकण्याचा प्रश्नच उरला नसता,” तिथले डॉक्टर म्हणाले, आणि भाऊ भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

मठ बंद पडला असेल असं वाटलं? छे! पुढच्या आठवड्यात पुढच्या दाराशी गर्दी वाढलीच. डॉक्टरीणबाई मात्र मागच्या दाराशी उभ्या राहिल्या, जिथून परत पाठवलेली माणसं बाहेर पडतात. शेजारी गाडी उभी, स्टिअरिंगवर भाऊ.

“इथे उभं राहू नका, बाई,” शिष्य गुरकावला.

“का? हा रस्ता महाराजांनी फुंकून काढलाय?”

चमत्कार बघायचा तर पुढच्या दाराने खुशाल बघा. पण विश्वास ठेवण्याआधी एकदा मागच्या दाराशी जा. बाहेर पडणाऱ्यांना थांबवा, विचारा, मोजा. वाचलेले स्वतःच वाजतगाजत येतात. गेलेल्यांची चौकशी आपल्यालाच करावी लागते.

दार करकरलं. एक बाई पदराखाली निपचित मूल घेऊन बाहेर आली. “उद्या या म्हणाले,” ती कोणालाच उद्देशून नसल्यासारखी बोलली.

“उद्या नाही, बाळे. आत्ता,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि शिष्याच्या डोळ्यांत डोळे घालून त्यांनी गाडीचं दार उघडलं.