खिळ्यावरची दुसरी चावी

आमचे हे गेली अडतीस वर्षं कुलपं उघडतायत. घराच्या पुढच्या खोलीत दुकान, मागे आमचा संसार. त्यांना न जमलेलं कुलूप आमच्या भागात नाही, आणि ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक असावी एवढीच त्यांची माफक अपेक्षा असते. अशा माणसाच्या बायकोने बिनचावीची गाडी घेतली तेव्हा घरात तीन दिवस अबोला होता. म्हणजे चावी असते, पण ती कुठे खुपसायची नसते. काळी, बटणं असलेली ती वस्तू पर्समध्ये ठेवून गाडीजवळ गेलं की गाडी आपल्याला ओळखते, कानांसारखे मिटलेले आरसे उघडते, दारही उघडतं, आणि एक बटण दाबलं की सुरू. "ज्याला भोकच नाही ते कुलूप कसलं?" चौथ्या दिवशी हे बोलले ते एवढंच.

गाडी मी ताईसाठी घेतली. ताई माझी थोरली बहीण, शाळेत मुख्याध्यापिका होती. तिच्या एका वाक्यात अख्खं पटांगण गप्प बसायचं. गेल्या वर्षी मेंदूचा झटका आला आणि उजवं अंग आणि वाक्यं, दोन्ही गेली. 'हो', 'नाही' आणि 'बरं' एवढे तीन शब्द तिच्याकडे उरले. आता ती शहराच्या पार दुसऱ्या टोकाला शुश्रूषागृहात असते. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी अकराला मी तिला कोमट पाण्याच्या तलावावर नेते, कारण पाण्यात ती चालते. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, जे काही सुधारायचं ते पाण्यातला व्यायाम सुरू केल्यापासून सहा महिन्यांत, पुढे फारशी आशा धरू नका. चाकाच्या खुर्चीसकट दोन बस बदलणं शक्य नव्हतं. म्हणून सत्तावन्नाव्या वर्षी मी गाडी शिकले, दुसऱ्या खेपेला का होईना पास झाले, आणि ताईला चढता-उतरता येईल अशी सीट बघून हीच गाडी निवडली. ही गेली असती तर दुसरी दारात येईपर्यंत ते सहा महिने संपले असते. त्यामुळे गाडी म्हटलं की माझा जीव टांगणीला लागायचा.

त्यात मागच्या गल्लीतल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंची गाडी गेली. तीही भर दुपारी, बाई आत कुणाची तरी दाढ काढत असताना. समोरच्या घराच्या कॅमेऱ्यात सगळं दिसलं. एक माणूस खांद्याला पिशवी लावून दाराशी उभा राहिला, दुसरा गाडीजवळ. चावी आत हुकाला होती. चावी सारखी हळू आवाजात गाडीशी बोलत असते म्हणे. पिशवीतलं यंत्र ते बोलणं भिंतीआडून पकडून गाडीपर्यंत पोचवतं. गाडीला वाटतं, मालकीण आली. मिनिटभरात गाडी नाहीशी झाली.

हे ऐकलं आणि आमच्या ह्यांच्या अंगात वारं भरलं. मला वाटलं होतं, 'बघ, मी सांगत होतो' असं ऐकून घ्यावं लागेल. तसं काही नाही. ते सरळ स्वयंपाकघरात शिरले आणि माझ्या डब्यांवर त्यांनी धाड घातली. चावी डब्यात टाकायची, झाकण लावायचं, डबा हातात घेऊन गाडीपाशी जायचं आणि दार ओढून बघायचं. बिस्किटांचा डबा नापास झाला. प्लास्टिकच्या डब्यांना तर परीक्षेलाच बसू दिलं नाही. साखरेचा स्टीलचा डबा पास झाला, कारण त्याचं झाकण इतकं घट्ट आहे की मला ते उघडायला दरवेळी ह्यांनाच हाक मारावी लागते. साखर बरणीत गेली आणि डबा चावीचा झाला.

"आता बोल म्हणावं तिला गाडीशी," हे म्हणाले.

एवढ्यावर थांबतील तर ते आमचे हे कसले? त्यांनी स्टिअरिंगला अडकवायचा पिवळा लोखंडी दांडा आणला, त्याचं मूळचं कुलूप 'खेळण्यातलं' म्हणून काढून टाकलं आणि स्वतःचं बसवलं. त्याची चावी मात्र खरी, दात्यांची, ह्यांच्या कमरेच्या जुडग्यात. मग आठवडाभर ओळखीपाळखीचे कारागीर येत राहिले. आज गॅरेजवाला, उद्या वायरमन, परवा त्याचा मेहुणा. प्रत्येकाला हे गाडीत बसवायचे आणि म्हणायचे, "घे, काढून दाखव." कुणालाच काढता आला नाही. मी वैतागल्यासारखं दाखवायचे, पण खरं सांगते, मला फार बरं वाटत होतं. ज्या गाडीचं हे तोंड बघत नव्हते, तिच्याभोवती शिटी वाजवत फिरत होते.

शुक्रवारी दहाच्या सुमारास मी टॉवेल, ताईची पोहायची टोपी, कपडे असं सगळं पिशवीत भरून बाहेर आले. दुकानात एक नवीन गिऱ्हाईक होतं. खांद्याला मोठी बॅग लावून, दाराच्या चौकटीला टेकून उभा होता आणि जुनी पितळी कुलपं नव्या कुलपांपेक्षा चांगली का, असं विचारत होता. म्हणजे झालंच. हे खुर्ची सोडून उभे राहिले होते आणि हातवारे करून सांगत होते. असा श्रोता त्यांना वर्षात एखादा मिळतो.

गाडीत ड्रायव्हरच्या जागी एक माणूस बसला होता. आरसे उघडलेले, आतले दिवे लागलेले, आणि तो दोन्ही हातांनी दांड्याशी झटत होता. मी मनात म्हटलं, घ्या, आजचा परीक्षार्थी, डबा उघडून ह्यांनीच बसवला असणार. शेजारचं दार उघडून मी पिशवी सीटवर ठेवली.

"झालं का तुमचं? मला अकराला पोचायचंय."

त्याने माझ्याकडे पाहिलं. कपाळावर घाम होता बिचाऱ्याच्या. "काकू, हा दांडा निघत नाहीये."

"तो असा नाही निघायचा. चावी ह्यांच्या कमरेला असते. थांबा, आणते."

आणि मी खरोखर गेले हो आणायला. दुकानाच्या दारातून म्हटलं, "अहो, तुमच्या त्या माणसाला दांड्याची चावी हवीय."

"कुठला माणूस?" हे म्हणाले.

तेवढ्यात बॅगवाला दारातून कधी सटकला ते कळलंच नाही. बाहेर धावलो तर गाडीचं दार सताड उघडं, इंजिन चालू, आणि आत माझ्या टॉवेलांच्या पिशवीखेरीज कुणी नाही. मी तिथेच पायरीवर बसले. हे पाणी घेऊन आले आणि तेही शेजारी बसले.

पोलीस बाई आल्या. तरुण होत्या, पण नजर पक्की. मी साखरेचा डबा दाखवला. चावी आत होती, झाकण घट्ट होतं. बाईंनी मान डोलावली आणि विचारलं, "गाडीबरोबर दोन चाव्या मिळतात. दुसरी कुठे आहे?"

दुकानाच्या दाराशेजारी भिंतीवर चाव्यांची फळी आहे. घरातल्या प्रत्येक कुलपाची जोडीची चावी तिथे आपापल्या खिळ्यावर असते, हा ह्यांचा लग्नाच्याही आधीपासूनचा नियम. सातव्या खिळ्यावर गाडीची दुसरी चावी लटकत होती, आणि बॅगवाला बरोबर त्याच भिंतीलगत, चौकटीला टेकून उभा होता.

"अहो, पण ती वापरतच नाही आम्ही," हे म्हणाले. "नुसती टांगलेली आहे."

"बॅटरी आहे ना आत? मग ती बोलतच राहणार, काका."

अडतीस वर्षं ज्यांनी खिळ्यावरच्या चाव्या म्हणजे धातूचे गप्प तुकडे समजले, त्यांचा चेहरा मला बघवेना. एरवी अशी संधी मी सोडत नाही. त्यांनी ती चावी काढली, डब्यात पहिलीच्या शेजारी ठेवली आणि झाकण दोनदा दाबलं. जबाब, सह्या, फोटो यांत बारा वाजत आले. मी शुश्रूषागृहात फोन केला, तर म्हणाले, ताई सव्वादहापासून बाहेर बाकावर बसल्यात, आत यायला तयार नाहीत.

"मी पण येतो," हे म्हणाले. त्यांनी दुकानाचं दार ओढून घेतलं आणि दांड्याचं कुलूप स्वतः काढून दिलं. चूक झाली असं म्हणणं ह्यांच्या तोंडून कधी निघालेलं नाही. मला ते अपेक्षितही नव्हतं. गाडी माझ्या हातात होती, रस्ता पुढे होता, आणि चोरासाठी मी चावी आणायला गेले होते हे आठवून मला वळणावळणावर हसू येत होतं.

ताई बाकावर ताठ बसली होती. डावा हात मांडीवर, बूट घातलेले. मी दार उघडून उतरले तशी तिने माझ्याकडे पाहिलं, ओठ हलवले, थांबली, पुन्हा हलवले.

"किती... वाट... बघायची?"

चौदा महिन्यांनी. पूर्ण वाक्य, तेही ओरडा. मी लहानपणी उभी राहायचे तशीच खाली मान घालून उभी राहिले आणि मला रडू आवरेना.

हे पुढे झाले. दोन्ही हात जोडून ताईसमोर अर्धे वाकले. "ताई, तिला नका बोलू. चूक माझी आहे. चावी मी खिळ्यावर ठेवली होती. तिच्यात बॅटरी असते, ती झोपत नाही, हे माझ्या लक्षातच आलं नाही. आणि चोराला मीच कुलपांची माहिती देत बसलो." बॅग, भिंत, दांडा, सगळं त्यांनी सांगितलं, एक अक्षर न लपवता.

ताईने मुख्याध्यापिकेसारखं सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग डावा हात आधारासाठी त्यांच्याकडे पुढे केला.

"बरं," ती म्हणाली. "चला."