शिवणीखालचा हिरवा

इटलीतल्या मोदेनात ऑक्टोबरची सकाळ एकदम उजाडत नाही. आधी धुके नुसतेच पांढरे होते. मग त्याला सायीसारखा पिवळसरपणा येतो. आणि बऱ्याच वेळाने, जणू परवानगी मागत, प्रकाश कारखान्याच्या उत्तरेच्या दारातून आत येऊन कापणीच्या टेबलावर पसरतो. देल्मामावशी त्याचीच वाट पाहत बसे. गाड्यांच्या सीटवर चामडे चढवण्यात तिची चाळीस वर्षे गेली होती, आणि दिव्याखाली तिने एकही रंग ठरवला नव्हता.

नेव्हिओ टेबलापाशी उभा होता. वडिलांच्या पश्चात त्यांची दोन सीटची जुनी स्पोर्ट्‌स कार त्याच्याकडे आली होती. बाहेरून राखाडी, आतून हिरवी. सगळे काळे नाहीतर तपकिरी चामडे घेत, तेव्हा बाबांनी हट्टाने हिरवे मागितले होते. आता ते जागोजागी फाटले होते, आणि नवे चामडे रंगवणाऱ्यांकडे नमुन्याचा तुकडा आजच धाडायचा होता.

वाद होता तो कोणत्या हिरव्याचा. नेव्हिओला आठवे तो ऑलिव्हच्या पानाच्या पाठीसारखा, फिका, धुरकट. त्याच रंगाला टेकून त्याने बाबांशेजारी कितीतरी रविवार घालवले होते. बाबा गाडी इतकी सावकाश चालवत, की सायकलवाले पुढे निघून जात. सतरा वर्षांनी मोठी बहीण ओर्नेल्ला मात्र सांगे, रंग शिजलेल्या पालकासारखा गर्द होता, आणि घाटातल्या वळणांवर बाबा गाडी अशी काढत, की तिला मांडीवर घेतलेली आई डोळे मिटून घेई. तुझ्या आठवणी नेहमीच भडक असतात, असे त्याने तिला फोनवर सुनावले होते. त्यानंतर महिनाभर दोघांत अबोला होता.

सारे ऐकून घेतल्यावर देल्मामावशी म्हणाली, "मी तुमचं दोघांचंही ऐकत नाही, पोरा. चामड्यालाच विचारते."

तिने सीटच्या तळाची शिवण उसवली आणि आत दुमडलेली, उन्हाने कधी न पाहिलेली पट्टी उलटून उजेडात धरली. ती गर्द होती. ओली वाटावी इतकी गर्द.

"बहीण जिंकली तुझी. तुझा तो फिका रंग उन्हानं केलाय. एवढं उतरायला वीसेक वर्षं तरी लागतात." मग त्याच्याकडे पाहून ती जरा नरमली. "फिकाच हवा असेल तर तसाही रंगवून देतील हं. लोक काय वाट्टेल ते मागतात."

त्याने सीटवरचा फिका तुकडा आणि तो गर्द तुकडा शेजारी धरून पाहिले. शेवटी त्याने गर्द तुकडा पुढे केला. मावशीने तो कात्रीने कापून पाकिटात घातला.

अंगणात येऊन त्याने ओर्नेल्लाला फोन लावला. चूक माझी होती, म्हणाला. ती टोमणा मारील असे त्याला वाटले होते. तिने तो मारला नाही. तिने एवढेच विचारले, "तुला त्यांचे काळे केस आठवतात का रे?"

"आठवतात की," तो म्हणाला.

धुके विरले होते. फोन खिशात टाकूनही तो तिथेच उभा राहिला.

बाबांचे केस काळे असलेले त्याने कधीच पाहिले नव्हते.